स्पीकरचे खोके उघडून दाखवा

कापडाला खळ देऊन त्याचे वजन वाढवणे हा आमच्या बाजारातला फार जुना प्रकार आहे. हाताला कापड भरीव लागते, घडी ताठ बसते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर निघून जाते आणि हातात उरते ती मच्छरदाणी. म्हणून जाणते गिऱ्हाईक कापडाचा कोपरा बोटांत चोळून पाहते; भुकटी पडली की त्याला समजते. आवाजाच्या बाजारातही अशीच एक खळ गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. तिचे नाव पीएमपीओ. ती चोळून पाहण्याची सवय मात्र आपल्या गिऱ्हाइकाला अजून लागलेली नाही.

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठल्याही गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जा. छतापर्यंत रचलेल्या खोक्यांवर मोठ्या आकड्यांत हजारोंनी वॅट छापलेले दिसतील. खोके उघडून वाजवून दाखवा म्हटले की उत्तर ठरलेले: ‘कंपनीचा माल आहे, घरी नेऊन लावा.’ माझ्या कापडाच्या दुकानात दिवसभर हलक्या आवाजात गझल किंवा जुनी गाणी चालू असतात, त्यामुळे गिऱ्हाईक बरेचदा कापडाऐवजी स्पीकरचीच चौकशी करते. प्रश्न बहुधा एकच असतो. घरात बसून ऐकायला आठ-दहा हजारांत, फार तर पंधरात, कोणता जोड घ्यावा? या प्रश्नाला एका कंपनीचे नाव सांगून मोकळे होता येते. पण ते उत्तर सहा महिन्यांत शिळे होते. कंपन्या मॉडेल बदलतात, भाव बदलतात. पारख बदलत नाही, म्हणून तीच येथे सांगतो. आणि शेवटी आपल्या दुकानदार बांधवांसाठीही दोन शब्द आहेत, कारण या खरेदीत गिऱ्हाईक जेवढे फसते तेवढाच दुकानदार स्वतःचा धंदा घालवून बसतो, असे माझे मत आहे.

आधी वॅटचा हिशेब. ‘आरएमएस’ वॅट म्हणजे ॲम्प्लिफायर सतत, न थकता देऊ शकतो ती ताकद. ‘पीएमपीओ’ म्हणजे क्षणभर, सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता, मारलेला उसळा. तोही प्रत्येक स्पीकरचा वेगळा धरून त्यांची बेरीज केलेली. तो कसा मोजायचा याचे कुठलेही सर्वमान्य प्रमाण नाही. ज्याला जो आकडा सुचला तो त्याने छापला. वीस वॅट आरएमएसच्या सेटवर हजार-दोन हजार पीएमपीओ लिहिलेले सर्रास आढळते. १९९० नंतर बाजार खुला झाला, घरोघर डेक आले, तेव्हापासून हा आकडा लोकांच्या डोळ्यांत भरला आणि आजही उतरलेला नाही.

ही खळ चोळून पाहण्याचा सोपा उपाय आहे. सेट उलटा करून मागची पट्टी वाचावी. तेथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ आणि पुढे सेट किती वॅट वीज खातो ते लिहिलेले असते. जो सेट भिंतीतून साठ वॅट घेतो तो सतत तीन हजार वॅट आवाज कोठून देणार? जेवढे सूत लावले त्यापेक्षा जास्त वजनाचे कापड कोणत्याही मागावरून उतरत नाही. उतरले तर ती खळ समजावी. मागच्या पट्टीवर खोटे लिहिणाऱ्याला अडचणी जास्त असतात, म्हणून समोरच्या आकड्यापेक्षा मागचा आकडा बराच खरा असतो.

दुसरे असे की, घरात ऐकायला वॅट लागतात तरी किती? ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायचा असेल तर ताकद जवळजवळ दहापट करावी लागते. म्हणजे वीस वॅट आणि चाळीस वॅट यांतला फरक कानाला थोडासा जाणवतो, आणि खिशाला मात्र चांगलाच. स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा एक आकडा असतो: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. ८६, ८७, ८९ असे आकडे आढळतात. ८६ आणि ८९ हे कागदावर शेजारी वाटतात, पण ८९ वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी ताकद पुरते. दहा बाय बाराच्या खोलीत बसून आपण गझल ऐकतो तेव्हा स्पीकर बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा खात नाही. वीस-पंचवीस खरे वॅट दर बाजूला असले की घराचे काम झाले. त्याहून जास्त आवाज हवा असेल तर तो शेजाऱ्यांसाठी हवा आहे असे समजावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे, तिच्याशी कोणाला काही देणेघेणे आहे असे लग्नसराईत दिसत नाही. असो.

कापडवाल्याने स्पीकरवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. वास्तविक स्पीकर ही वस्तू आम्हाला परकी नाही. उघडून पाहा. कोनाच्या मागे कॉइलला मध्यभागी धरून ठेवणारी जी नागमोडी चकती असते, तिला मिस्त्री लोक स्पायडर म्हणतात. ती बहुधा रसायनात बुडवून साच्यात दाबलेल्या सुती कापडाची असते. जलशात वापरतात त्या मोठ्या स्पीकरच्या कोनाची कडसुद्धा पुष्कळदा कापडाचीच. बारीक आवाज देणाऱ्या ट्वीटरचा घुमट चांगल्या स्पीकरमध्ये रेशमाचा किंवा तशाच मऊ विणीचा असतो. इंग्लंडच्या एका नामांकित कंपनीने तर १९७४ पासून चाळीस वर्षे आपले वूफर केव्हलारच्या विणलेल्या पिवळ्या कापडाचे केले. आणि समोर जाळीचे कापड असतेच.

याहून गंमत पुढेच आहे. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या कापडाचे गाव, आपल्याकडे इचलकरंजी तसे म्हणा. त्या परिसरात १८९० साली जन्मलेले गिल्बर्ट ब्रिग्ज हे कापडाच्या व्यापारातले गृहस्थ. पियानो ऐकण्याचा त्यांना भारी नाद. १९३० नंतरच्या मंदीत कापडधंदा बसला, तेव्हा १९३२ साली त्यांनी इल्कली येथील आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतले. ब्रॅडफर्डच्या रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत त्यांच्या स्पीकरना बक्षिसे मिळाली आणि त्यातून ‘व्हार्फडेल’ ही कंपनी उभी राहिली. व्हार्फ नदीचे खोरे, म्हणून व्हार्फडेल. पुढे याच कंपनीच्या ‘डायमंड’ नावाच्या लहान, स्वस्त स्पीकरांनी १९८० च्या दशकात सामान्य ऐकणाऱ्याच्या घरात जागा मिळवली. आता तिची मालकी चिनी समूहाकडे आहे, पण नाव आणि डायमंड दोन्ही चालू आहेत. ब्रिग्ज यांनी आणखी एक काम केले. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी श्रोत्यांसमोर एकदा खरा वादक वाजवायला बसवला आणि एकदा त्याचीच मुद्रित फीत आपल्या स्पीकरवरून ऐकवली. नमुना आणि माल शेजारी शेजारी ठेवले. हे करायला कापडवाल्याचेच डोके लागते असे मला राहून राहून वाटते.

त्याच १९५४ सालात अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी लहान स्पीकरचा मोठा प्रश्न सोडवला. त्यापूर्वी खर्जाचा आवाज हवा असेल तर कपाटाएवढे खोके लागे. व्हिल्चर यांनी खोके हवाबंद केले आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच कोनाची स्प्रिंग बनवले. खोके एवढे आटले की ते पुस्तकाच्या फळीवर बसू लागले. बुकशेल्फ स्पीकर हे नाव त्या घराण्याचे. त्यांच्या ‘अकॉस्टिक रिसर्च’ कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात एक संगीतखोली उघडली होती. गाडीला वेळ असला की कोणीही यावे, बसावे, ऐकावे. तेथे विक्री होतच नसे. घ्यायचा तर आपल्या दुकानदाराकडून घ्या. या खोलीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

तर आता निवड. आजच्या बाजारात आठ ते पंधरा हजारांत चार प्रकारचा माल समोर येतो. पाच डबे आणि एक मोठा वूफर असा ‘होम थिएटर’ सेट. दोन लहान डबे आणि एक वूफर असा संच. टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, म्हणजे साउंडबार. आणि दोनच डब्यांचा साधा जोड. मोबाईलवरून वाजणारा एकट्या डब्याचा ब्लूटूथ स्पीकर मी यात धरत नाही. तो सहलीचा माल आहे. गाण्यातले डावे-उजवे एका डब्यातून निघत नाही.

ऐकण्यासाठी घ्यायचे असेल तर माझे मत सरळ आहे: दोन डब्यांचा जोड. कारण हिशेबाचे आहे. दहा हजारांत कारखानदाराला सहा डबे बनवायचे असतील तर एका डब्यात घालायला त्याच्याकडे किती पैसे उरतात? मग कोन कागदाच्या पुठ्ठ्याचा, खोके पातळ प्लास्टिकचे, ट्वीटर नुसता दाखवायला, कधी कधी जाळीमागे तोही नाही. त्याच पैशात दोनच डबे बनवले तर दोन्हींत जीव ओतता येतो. एका शेरवानीच्या पैशात सहा सदरे शिवले तर सदरे कसे होतील हे शिंप्याला विचारायला नको. संच घरात सिनेमासाठीच हवा असेल, बॉम्बस्फोट आणि घोड्यांच्या टापा हव्या असतील, तर गोष्ट वेगळी. टीव्हीवरच्या बातम्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट ऐकू याव्यात एवढेच हवे असेल तर साउंडबार पुरे. पण तलत महमूद, बेगम अख्तर, कव्वाली, नात, किंवा सकाळी किराअत ऐकायची असेल तर यातल्या प्रत्येकात मुख्य वस्तू एकच आहे, माणसाचा गळा. तो दोन डब्यांतून जेवढा खरा येतो तेवढा त्या पैशात सहा डब्यांतून येत नाही.

या जोडातही दोन जाती. एकात ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो. वायर लावली की चालू. दुसऱ्यात तो नसतो, वेगळा घ्यावा लागतो. घरात चांगला जुना ॲम्प्लिफायर असेल तर दुसरी जात घ्यावी, आयुष्य जास्त. ॲम्प्लिफायर बिघडला तरी स्पीकर कामाचे राहतात. काहीच नसेल आणि पैसे एवढेच असतील तर पहिली जात बरी. उदाहरणादाखल एका चिनी मॉडेलचा कागद वाचून दाखवतो, शिफारस म्हणून नव्हे. एडिफायर या कंपनीचा आर १२८० टी नावाचा जोड आहे: चार इंचाचा वूफर, तेरा मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. बघा, बेचाळीस. शेजारच्या खोक्यावरच्या पाच हजारांपुढे हा आकडा गरीब दिसतो. पण जो माल आपला आकडा एवढा लहान सांगायला लाजत नाही तो जरा जवळून पाहावा. आपल्या देशातही कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या कंपनीने १९७० पासून हे काम केले आहे. त्यांचे जोड या भावात सहसा बसत नाहीत, वापरलेला चांगला मिळाला तर जरूर ऐकावा.

वापरलेला घेताना एक काळजी. कोनाच्या कडेला बोट लावून पाहावे. ती फोमची असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो; रबराची असेल तर बरीच टिकते. भुगा झाला म्हणून स्पीकर टाकू नये, कड बदलता येते. फक्त ते पैसे भावातून कमी करून घ्यावेत. खोके बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. टरबूज ठोकतो तसे. पोकळ ‘ढब’ आला तर ते खोके गाण्यात आपला सूर मिसळणार. घट्ट ‘टक’ आला तर चांगले. हाताने उचलावे. लहान असून जड लागला तर लोहचुंबक आणि लाकूड यांत पैसे गेलेले आहेत. भुश्याच्या फळीचे खोके वजनदार आणि चांगले असते, पण पाणी लागले की फुगते, तेव्हा फरशी पुसताना खाली ठेवू नये.

एवढे सगळे कागदाचे आणि हाताचे झाले. खरी परीक्षा कानाची. खामगावात चांदी कसाला लावल्याशिवाय कोणी घेत नाही, कापूस बोटांत ओढून धागा पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. मग दहा हजारांचा आवाज न ऐकता का घ्यावा?

ऐकायला जाताना गाणे आपले न्यावे. दुकानदार जे लावतो ते त्या स्पीकरला साजेल असेच निवडलेले असते. आपल्याला पाठ असलेल्या तीन चिजा मोबाईलमध्ये उतरवून घ्याव्यात. पहिली, नुसता बोलण्याचा आवाज, मागे वाद्य नाही. अमीन सयानी यांचे निवेदन यासाठी फार उत्तम. १९५२ पासून रेडिओ सिलोनच्या गीतमालेमुळे तो आवाज आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या कानात बसलेला आहे, २०२४ मध्ये ते गेले तरी आवाज विसरणे शक्य नाही. तो गळ्यातून आल्यासारखा वाटतो की माठात तोंड घालून बोलल्यासारखा? बीबीसीच्या इंजिनियरांनी १९७० च्या दशकात आपल्या प्रक्षेपण-गाड्यांसाठी फूटभर उंचीचा एक लहान स्पीकर तयार केला, त्याची कीर्ती आजही आहे. तेही माणसाच्या बोलण्यावरच स्पीकर पारखत. वाद्याचा आवाज कसा असावा याबद्दल दोन मते होऊ शकतात, माणसाच्या आवाजाबद्दल होत नाहीत. जन्मल्यापासून आपण तोच ऐकत आलो आहोत.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. ‘काफ’ आणि ‘क़ाफ’, ‘सीन’ आणि ‘शीन’ यांतला फरक उस्तादांनी हातावर छडी मारून शिकवला. वाईट स्पीकर हा फरक पुसून टाकतो. ‘शीन’चा ‘सीन’ होतो, आणि काही स्पीकरांत प्रत्येक ‘स’ सुईसारखा कानात घुसतो. मराठीतही हीच परीक्षा घेता येते. ‘चंद्र’ मधला च आणि ‘चांगला’ मधला च, ‘जगात’ला ज आणि ‘जगणे’तला ज हे वेगळे ऐकू आले पाहिजेत. ट्वीटरची सारी लायकी यात कळते आणि यासाठी संगीताचे ज्ञान लागत नाही.

दुसरी चीज गझल असावी, हार्मोनियम आणि तबल्याची. डग्ग्याच्या प्रत्येक थापेचा सूर वेगळा ऐकू यावा. सगळ्या थापा एकाच ‘धुम्म’ने येत असतील तर तो खर्ज नव्हे, खोक्याची बोंब. तिसरी कव्वाली. टाळ्या, कोरस, ढोलक सगळे एकदम सुरू झाले की साधा स्पीकर गोंधळतो आणि टाळ्यांचा पाऊस होतो. चांगल्यात टाळ्या टाळ्याच राहतात, आणि मुख्य कव्वाल गर्दीतून पुढे उभा दिसतो.

यावर दोन पथ्ये. आवाज हळू ठेवून ऐकावे. मोठ्या आवाजात कोणताही स्पीकर पहिली दोन मिनिटे भारी वाटतो. आणि दोन जोडांची तुलना करताना दोघांचा आवाज कानाला सारखा करून घ्यावा. नाही तर जो थोडा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे आणि विकणाऱ्याला तो चांगला ठाऊक असतो. बास वाढवायचे बटण असेल तर बंद करायला सांगावे. दहा मिनिटे तरी बसावे. बसल्या जागी उठावेसे वाटू लागले तर तो स्पीकर कितीही चकचकीत असो, घरी सहा महिन्यांत त्यावर कपडे वाळत पडतील.

घरी आणल्यावर काय करावे हे तर फारच थोडे लोक विचारतात. नाव बुकशेल्फ असले तरी शोकेसच्या खणात कोंबू नये. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीपासून निदान वीतभर पुढे हवा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. लोखंडी कपाटावर चढवलेला स्पीकर पंख्याला गाणे ऐकवतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा तिन्ही बाजू सारख्या असा त्रिकोण व्हावा. वायर लावताना लालला लाल, काळ्याला काळी. एका बाजूला उलटी लागली तर गाणारा मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो आणि खर्ज गायब होतो. चांगल्या जोडाला नावे ठेवली जातात ती कित्येकदा या एका वायरीमुळे.

आणि खोली. जुन्या मातीच्या धाब्याच्या घरात आवाज मऊ यायचा. आता स्लॅब, गुळगुळीत भिंती, खाली टाईल्स, लोखंडी कपाट. खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा झणकार आला तर दोष स्पीकरचा नाही. येथे माझ्या धंद्याची जाहिरात होते आहे हे मान्य करून सांगतो, इलाज कापड आहे. जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला दुप्पट रुंदीचा चुणीदार पडदा, समोरच्या भिंतीला एखादी गोधडी. पातळ पॉलिएस्टरचा ताणून लावलेला पडदा काही कामाचा नाही, तो शोभेपुरता. कापड जाड हवे, चुण्या हव्यात आणि भिंतीपासून चार बोटे सुटे हवे. खर्ज मात्र कापडाला बधत नाही. कोपऱ्यात गुंडाळलेली कापसाची गादी उभी केली तर थोडा फरक पडतो. दोन हजारांच्या कापडाने दहा हजारांचा जोड जेवढा सुधारतो तेवढा वरचे पाच हजार स्पीकरवर घालून सुधारत नाही. उलट स्पीकरच्या तोंडावरचे कापड मात्र पातळ आणि विरळ विणीचेच हवे. फाटले म्हणून घरातले पडद्याचे कापड लावू नये. तुकडा ओठांशी धरून फुंकर मारावी. फुंकर सहज पार गेली तर आवाजही जाईल.

आता दुकानदार बांधवांकडे येतो. तुमची तक्रार मी रोज ऐकतो: गिऱ्हाईक येते, माल पाहते, फोटो काढते आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवते. खरी आहे. पण तुम्ही त्याला दाखवता काय? बंद खोके. बंद खोक्याचा फोटो त्याच्या मोबाईलमध्येही आहे आणि तेथे भाव तीनशे रुपयांनी कमी आहे. मग त्याने तुमच्याकडे का थांबावे? आवाज ऐकवणे ही एकच गोष्ट अशी आहे जी मोबाईलवरच्या दुकानाला कधी जमणार नाही, आणि नेमकी तीच तुम्ही करत नाही. ऐकून घ्यायचे तर आज बुलढाण्याच्या माणसाला अकोला, नागपूर नाही तर मलकापूरहून गाडी धरून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. दहा हजारांच्या मालासाठी एवढे कोण करतो? म्हणून तो खोक्यावरचा मोठा आकडा पाहतो आणि बटण दाबतो.

आम्ही एका सदऱ्याच्या कापडासाठी दहा ताके उलगडतो. सात वेळा गिऱ्हाईक काही न घेता उठते. घड्या पुन्हा घालतो. लग्नाचा बस्ता असेल तर ओळखीच्या घरी साड्यांचे गाठोडे पसंतीला पाठवतो. दोन ठेवतात, अठरा परत येतात. यात एखाद्या साडीला डाग पडतो, तेही धंद्यात धरलेले असते. कापडबाजार ऑनलाइनपुढे अजून उभा आहे तो याच कारणाने. हात लावल्याशिवाय समाधान होत नाही आणि हात लावायला आम्ही नाही म्हणत नाही.

स्पीकरवाल्याला यापेक्षा कमी खर्च आहे. समजा, दहा हजाराला विकायचा जोड तुम्हाला साडेआठला पडला. तो उघडून फळीवर ठेवला, आठ महिने वाजवला आणि नंतर ‘दुकानात वाजवलेला’ असे स्पष्ट सांगून, बिलावर लिहून, साडेसातला विकला. तोटा हजार रुपये, महिन्याला सव्वाशे. दुकानाच्या पाटीवरच्या दिव्याचे बिल याहून जास्त येत असेल. या सव्वाशेत महिन्याला एक जरी जोड जादा गेला तर पंधराशे हातात. जोड दोन ठेवा, एक आठ हजारांचा आणि एक बाराचा, म्हणजे तुलना करता येईल. खोलीच हवी असे नाही. गिऱ्हाईक कमी असते त्या दुपारच्या वेळात मागच्या गोदामात दोन स्टुले आणि एक खुर्ची पुरे. ग्रँड सेंट्रलच्या त्या खोलीत रेल्वेची वर्दळ बाहेर चालूच होती. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला अनामत घेऊन दोन दिवस घरी न्यायला द्या. स्वतःच्या खोलीत ऐकल्यावर तो परत आणायला येईल की उरलेले पैसे द्यायला, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. साड्यांच्या बाबतीत मला कळलेले आहे.

आणि बिल पक्के द्या, त्यावर आरएमएस वॅट लिहून द्या. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. आता गिऱ्हाईक स्वतः राहते त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकते, माल मुंबईहून मागवलेला असो की दिल्लीहून. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. दिशाभूल करणारी जाहिरातही त्यात येते. गिऱ्हाइकांनीही मागच्या पट्टीचा आणि समोरच्या आकड्याचा फोटो बिलासोबत ठेवावा. तक्रार करायची झालीच तर ‘आवाज चांगला नाही’ असे न लिहिता हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत.